पेशींची निरगाठ : त्वचेतील एका प्रथिनाविषयी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात त्वचारोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात विभागाने आपल्या कामाचा आढावा द्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा आकड्यांसह या अहवालात अन्यत्र छापलेला असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याऐवजी एका प्रथिनाविषयी बोलण्याची अनुमती आम्ही मागून घेतली आहे. त्याचे नाव डेस्मोप्लाकिन. नाव उच्चारायला अवघड आहे, काम मात्र समजायला सोपे आहे : बांधून ठेवणे. त्वचेच्या पेशीत बळकट तंतूंचे एक जाळे असते. त्या जाळ्याची टोके पेशीच्या भिंतीशी पक्की बांधण्याचे काम हे प्रथिन करते. एवढ्या सूक्ष्म गाठीसाठी आपला वेळ का घ्यावा, असे कोणाला वाटेल. ही गाठ सैल असलेली मुले त्वचारोग विभागाच्या दाराशी येतात ती तळपायांच्या भेगांची तक्रार घेऊन. परंतु त्यांच्या जिवाला असलेला धोका त्वचेत नसतो, तो हृदयात असतो. ही गोष्ट आई-वडिलांनी आणि डॉक्टरांनी वेळीच ओळखावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

प्रारंभ त्वचेपासून करू. आपण कपडे पिळतो, डोक्यावर हंडा वाहतो, अनवाणी चालतो, लहान मूल तर दिवसभर गुडघ्यांवर रांगते. त्वचा ताणली जाते, घासली जाते, दाबली जाते, आणि पूर्ववत होते. वास्तविक पेशी म्हणजे पातळ पडद्यात भरलेला मऊ ऐवज. असे मऊ कण एकावर एक रचून केलेला थर दिवसभराच्या घर्षणात विस्कटून जायला हवा. तो विस्कटत नाही, कारण प्रत्येक पेशीच्या आत एक सांगाडा असतो. हा सांगाडा हाडांचा नसून तंतूंचा असतो, आणि हे तंतू तीन जातींचे असतात. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे. सर्वांत जाड म्हणजे सूक्ष्मनलिका, सुमारे पंचवीस नॅनोमीटर. आणि या दोहोंच्या मधले, सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचे, म्हणून त्यांना मध्यम तंतू म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पहिल्या दोन जातींचे तंतू सतत बांधले आणि मोडले जातात. पेशीची हालचाल, आतील मालाची ने-आण ही त्यांची कामे. ताण सोसण्याचे काम मुख्यतः मध्यम तंतूंचे. मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणले तरी ते तुटत नाहीत. त्वचेत हे तंतू केराटिन नावाच्या प्रथिनांचे असतात. नखे आणि केसही केराटिनचेच, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

तंतू कितीही बळकट असला तरी तो कशाला तरी बांधलेला हवा. लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. कापड उत्तम आहे, दोरखंड नवे आहेत. पण दोरखंड खांबाला नीट बांधलेला नसेल, तर वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशी मांडव उडून जाईल. दोष कापडात नव्हता, दोरखंडातही नव्हता, गाठीत होता. शिवाय त्वचेत एक मांडव नाही, शेजारी शेजारी असे असंख्य मांडव आहेत आणि प्रत्येकाचा खांब शेजारच्या मांडवाच्या खांबाशी जखडलेला आहे. त्यामुळे एका ठिकाणी पडलेला ताण दूरवर वाटला जातो.

पेशींमधील हे जोड प्रथम पाहणारे शास्त्रज्ञ म्हणजे इटलीचे जुलिओ बित्सोझेरो. 1864 मध्ये, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांना त्वचेच्या पेशींच्या मध्ये बारीक गाठींसारखे ठिपके दिसले. 1920 मध्ये योझेफ शाफर यांनी त्यांना डेस्मोसोम हे नाव दिले. ग्रीक भाषेत डेस्मोस म्हणजे बंध. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर त्या ठिपक्याचे खरे रूप कळले : दोन पेशींच्या भिंतींवर समोरासमोर बसवलेल्या दोन चकत्या आणि प्रत्येक चकतीशी आतील बाजूने येऊन मिळालेल्या केराटिन तंतूंच्या जुड्या.

या जोडाचे तीन पदर आहेत. बाहेरचा पदर डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन या प्रथिनांचा. एका पेशीतून निघून ती दुसऱ्या पेशीतून आलेल्या तशाच प्रथिनांशी हात मिळवतात. आपल्या विभागात पेम्फिगसचे जे रुग्ण दाखल होतात, ज्यांच्या तोंडात आणि अंगावर फोड येऊन कातडी सोलवटून निघते, त्यांच्या रोगाचे मूळ या बाहेरच्या पदरात असते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती डेस्मोग्लीनवर उलटलेली असते. तो स्वतंत्र विषय आहे. मधला पदर प्लाकोग्लोबिन आणि प्लाकोफिलिन यांचा. आणि सर्वांत आतला पदर डेस्मोप्लाकिनचा, जो एका हाताने मधल्या पदराला आणि दुसऱ्या हाताने केराटिनच्या तंतूला धरून ठेवतो. हा दुवा निखळला, तर बाहेरच्या प्रथिनांनी कितीही घट्ट हात धरले तरी त्या हातांना खांदा उरत नाही.

आता या प्रथिनाची रचना थोडी तपशिलात सांगतो. डेस्मोप्लाकिनच्या मोठ्या प्रकारात 2871 अमिनो आम्ले एका साखळीत गुंफलेली असतात. तिचे डोके, मधला दांडा आणि शेपूट असे तीन भाग पडतात. डोके पेशीच्या भिंतीकडे, शेपूट आत, तंतूंकडे. तंतूला धरण्याचे सगळे कसब शेपटीत आहे. या शेपटीत ओळीने तीन गोळे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. त्यांपैकी बी आणि सी यांची घडण 2002 मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. या गोळ्यांच्या पृष्ठभागावर एक खाच आढळली. खाचेत धन विद्युत्भार असलेली अमिनो आम्ले अधिक, आणि मध्यम तंतूंच्या अंगावर ऋण भार भरपूर. तेव्हा तंतू या खाचेशी जुळत असावा, असा तर्क मांडण्यात आला. आम्हांला अधिक उद्बोधक वाटली ती दुसरी गोष्ट. यांतील एकेक गोळा एकट्याने तंतूला धरू शकतो, पण सैलसर. एकाहून अधिक गोळे जोडीने कामाला लागले की पकड घट्ट होते. दोराचा एकच वेढा घातला तर तो सरकतो, तीन वेढे घातले तर रुततो, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगायला नको.

या गाठीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मराठीत आपण निरगाठ आणि सुरगाठ असा भेद करतो. एक सुटता सुटत नाही, दुसरी टोक ओढताच मोकळी होते. डेस्मोप्लाकिनची गाठ या दोन्ही प्रकारांची आहे. शेपटीच्या अगदी टोकाला, 2849 व्या स्थानी, सेरिन नावाचे अमिनो आम्ल आहे. पेशी त्याला फॉस्फेटचा एक लहानसा गट चिकटवू शकते. तो चिकटला की पकड ढिली होते, काढला की घट्ट होते. शिकागो येथील कॅथलीन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात हे दाखवले आणि नंतरच्या काळात त्यात पुष्कळ भर घातली. त्वचेला ही सोय हवीच असते. जखम झाली की तिच्या काठावरच्या पेशींना शेजाऱ्यांचा हात सैल करून पुढे सरकावे लागते, त्याशिवाय जखम भरून येत नाही. आणि ती भरली की पुन्हा घट्ट बांधून घ्यावे लागते. आपल्या ड्रेसिंगच्या खोलीत एखादी जखम दिवसामासाने भरत येताना दिसते, तेव्हा तिच्या काठावर अशा गाठी सुटत आणि बसत असतात.

इथवरचे विवेचन कोरडे वाटले असेल, पण त्याच्यावाचून पुढचे समजले नसते.

1998 मध्ये दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर या देशातील त्वचारोगतज्ज्ञ लुइस कार्व्हाहाल-वेर्ता यांनी काही कुटुंबांतील रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे केस जन्मापासून लोकरीसारखे होते, तळहात-तळपायांची कातडी जाड झालेली होती, आणि किशोरवयात त्यांची हृदये फुगून दुबळी होत होती. केस, तळवे आणि हृदय, या तिहींचा परस्परांशी संबंध काय? उत्तर 2000 साली मिळाले. या कुटुंबांतील रुग्णांत डेस्मोप्लाकिनच्या जनुकातील एकच अक्षर गळलेले होते. वाक्यातील एक अक्षर गळून पुढची सारी अक्षरे एकेक घर सरकावीत आणि वाक्याचा अर्थच बिघडून ते अर्ध्यावर थांबावे, तसे तेथे घडले होते. प्रथिन तयार होत होते, पण त्याच्या शेपटीचे टोक गायब होते. म्हणजे नेमका तोच भाग, जो तंतूला धरतो. या रुग्णांच्या त्वचेचा तुकडा तपासला तेव्हा केराटिनचे तंतू पेशीच्या भिंतीपासून सुटून मध्यभागी, केंद्रकाभोवती गोळा झालेले दिसले. मांडवाचे दोर खांबावरून निसटून मधोमध ढीग होऊन पडावेत, तसे.

आणि हृदय? हृदयाच्या स्नायूंच्या पेशी टोकाला टोक लावून जोडलेल्या असतात, आणि त्या जोडातही हेच डेस्मोसोम असतात. तेथे केराटिन नसते. त्याच्या जागी डेस्मिन नावाच्या प्रथिनाचे मध्यम तंतू असतात. परंतु त्या तंतूंना भिंतीशी बांधणारा कारागीर तोच, डेस्मोप्लाकिन. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्वचेला विश्रांती मिळते, हृदयाला ती नाही. गाठ सैल असेल तर वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत पेशी एकमेकींपासून सुटू लागतात, मरतात, आणि त्यांच्या जागी व्रणासारखा तंतुमय भाग आणि चरबी भरते. असे हृदय एक तर दुबळे होते, किंवा त्याच्या ठोक्यांची लय अकस्मात बिघडते. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. कारण काल खेळणारे मूल आज नसते.

याच्या आधी, 1986 मध्ये, ग्रीसमधील नाक्सोस या बेटावरील डॉ. निकोस प्रोतोनोतारिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक आजार वर्णिला होता. तेथेही केस लोकरीसारखे, तळवे जाड आणि हृदय रोगट. मात्र तेथे मुख्यतः हृदयाची उजवी बाजू बिघडते आणि लय चुकते. त्या कुटुंबांतील दोष प्लाकोग्लोबिनमध्ये, म्हणजे मघाशी सांगितलेल्या मधल्या पदरात, असल्याचे 2000 सालीच सिद्ध झाले. दोर बांधणाराला जो हुक धरून ठेवतो तो हुकच मोडका. परिणाम जवळजवळ एकच.

हे आजार ग्रीस आणि एक्वादोरपुरते मर्यादित नाहीत. भारतातील अशा रुग्णांच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. यासंबंधी एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आम्हांला आवश्यक वाटते. या दोन्ही आजारांत जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली, अशा दोन्ही सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असलेले आई-वडील बहुधा निरोगी दिसतात. नात्यातल्या नात्यात विवाह झाला, तर एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. आम्ही कोणाच्या चालीरीतींवर टीका करण्यासाठी हे सांगत नाही. परंतु ज्या घरात असे एक मूल आहे, त्या घराने पुढची सोयरीक नात्यात जुळवण्यापूर्वी एकदा सल्ला घ्यावा, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब निसर्ग करीत नाही.

येथे बसलेल्या मातांना एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय कापले, कोणाची दृष्ट लागली, यांपैकी कशानेही जनुकातील अक्षर गळत नाही. आजार संसर्गजन्य नाही. अशा मुलाला शेजारी बसवून जेवू घालण्यास कोणतीही हरकत नाही. सासरच्या मंडळींपुढे हे सांगायला आम्हांला बोलवावेसे वाटले, तर अवश्य बोलवावे.

आता ओळखावे कसे? केस जन्मतःच दाट गुंतलेले, लोकरीसारखे असतात, घरात इतर कोणाचे तसे नसतात; आणि बाळाच्या कुरळ्या केसांचे कौतुकच होते. मूल रांगू लागले, उभे राहिले, हातांनी वस्तू पकडू लागले, की जेथे दाब पडतो तेथे तळहात व तळपाय जाड व पिवळसर होऊ लागतात. कधी पट्ट्यापट्ट्यांनी, कधी सरसकट. काहींना गुडघ्या-कोपरांवर फोड येतात. हृदयाची लक्षणे मात्र बहुधा किशोरवयापर्यंत दिसत नाहीत. म्हणजे त्वचा आणि केस कित्येक वर्षे आधी सूचना देत असतात. तेवढ्या अवधीत जाड तळव्यांना मलम देऊन मुलाला परत पाठवणे म्हणजे ही सूचना न वाचताच फाडून टाकणे होय. अर्थात प्रत्येक कुरळ्या केसाचे मूल रोगी नसते, आणि तळव्यांच्या भेगांच्या बहुसंख्य रुग्णांचा हृदयाशी काही संबंध नसतो. शेतात अनवाणी राबणाऱ्याचे तळवे जाड होणारच. दोन्ही लक्षणे एका मुलात लहानपणापासून एकत्र दिसली, तर मात्र ई.सी.जी. आणि टू-डी एको केल्यावाचून त्या मुलाला घरी पाठवू नये, असे आमचे ठाम मत आहे. पहिली तपासणी निर्दोष आली तरी ती पुढे नियमाने करावी लागते. आवश्यकतेनुसार चोवीस तासांचे ठोके नोंदणारे होल्टर यंत्र बांधावे लागते, हृदयाचा एम.आर.आय. करावा लागतो, आणि रक्तावरून जनुकाची तपासणी करून दोषाचे नेमके स्थान निश्चित करता येते. घरातील भावंडांची तपासणी त्याच वेळी व्हावी. आई-वडिलांचीही व्हावी, कारण डेस्मोप्लाकिनच्या काही दोषांत एकच सदोष प्रत हृदयाला बाधते, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाले आहे.

उपचारांविषयी खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. सैल गाठ पुन्हा घट्ट करणारे औषध आज उपलब्ध नाही. तथापि हृदयाचा दुबळेपणा आणि लयीचा बिघाड यांवर औषधे आहेत. धोका मोठा असेल तर छातीत एक लहान यंत्र बसवता येते, जे लय बिघडताच विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करते. अगदी शेवटी हृदय प्रत्यारोपणाचा मार्ग राहतो. अशा मुलाने शर्यती, कबड्डी, दमछाक करणारी स्पर्धा यांपासून दूर राहावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगणे फार कठीण जाते, आणि ते काम आई-वडिलांवर एकट्यांवर सोपवू नये, म्हणून आमच्या समाजसेविका शाळेतील शिक्षकांशी बोलतात. तळव्यांसाठी युरियाची मलमे, मऊ पादत्राणे. ब्लेडने कातडी खरवडणे मात्र कटाक्षाने टाळावे.

एक स्पष्टीकरण. हातापायांवर वारंवार फोड येणारी काही मुले आपल्याकडे दीर्घकाळ ड्रेसिंगसाठी येतात. त्यांच्या पालकांना हे सारे ऐकून धसका बसला असेल. त्यांपैकी ज्यांना एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स हा आजार आहे, त्यांच्यात बहुधा गाठ शाबूत असते, दोरच कच्चा असतो. केराटिन 5 किंवा केराटिन 14 यांच्या जनुकांत दोष असतो; हे 1991 मध्ये सिद्ध झाले. त्या प्रकारात हृदयाला धोका नसतो. अपवाद म्हणून प्लेक्टिन नावाच्या, डेस्मोप्लाकिनच्याच कुळातल्या प्रथिनाचा दोष असेल तर पुढे हातापायांचे स्नायू अशक्त होऊ शकतात. म्हणूनच फोड दिसायला सारखे असले तरी आतले कोणते प्रथिन बिघडले आहे हे शोधून काढण्यावर आम्ही एवढा भर देतो. ‘नाव कळून काय फरक पडणार, मलम तर तेच’ असे पालक कधी कधी म्हणतात. मलम तेच असते; पुढची दहा वर्षे कशावर नजर ठेवायची, ते मात्र त्या नावावर ठरते.

देणगीदारांनी दिलेला पैसा कोठे जातो, हा प्रश्न रास्त आहे. न चिकटणारी ड्रेसिंग, एको, होल्टर, आणि ज्यांना परवडत नाही त्यांची जनुक तपासणी, अशा गोष्टींवर तो खर्च होतो. इमारतीवर आपल्या नावाची पाटी लागते, तशी जनुक तपासणीच्या कागदावर लागत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही पुढील वर्षासाठी विभागाची मागणी तपासण्यांच्या निधीचीच आहे, आणि ती एकट्या रुग्णापुरती नसून त्याच्या भावंडांसह संपूर्ण कुटुंबाची तपासणी गृहीत धरून केलेली आहे. विश्वस्तांनी तिचा विचार करताना हे ध्यानात घ्यावे, ही विनंती.

ज्या पालकांना आपल्या मुलाच्या केसांविषयी किंवा तळव्यांविषयी शंका असेल, त्यांनी मेळाव्यानंतर बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपाशी थांबावे. पूर्वीची ई.सी.जी. किंवा एकोची कागदपत्रे घरी असतील, तर ती पुढच्या भेटीत न विसरता सोबत आणावीत. जुनी आहेत म्हणून टाकून देऊ नयेत, कारण तुलनेसाठी तीच लागतात.